साक्षीच्या वेळी मी बाहेर जाऊन उभी राहते

पत्र : लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. चौथ्या वर्षी दिवस राहिले होते, पण अकराव्या आठवड्यात गेलं. त्यानंतर काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्या सेवकांनी (उपदेशकांनी) सभेत माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘पुढच्या वर्षी याच वेळी तुझ्या कुशीत मुलगा असेल.’ सगळे ‘आमेन’ म्हणाले. ते वर्ष गेलं, पुढचंही गेलं. आता त्याबद्दल कुणी बोलत नाही. डॉक्टर उपचार पुन्हा सुरू करू या म्हणतात. महिला मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, सारेसारखी घाई करू नकोस, हागारची चूक होईल. पाळकसाहेब म्हणतात, हा विश्वास वाढण्याचा काळ आहे. पण माझा विश्वास वाढत नाही, आटत चाललाय. कुणी बाळ झाल्याची साक्ष द्यायला उठलं की मी बाहेर जाऊन उभी राहते. प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत. नवरा हा विषयच टाळतो. घरातली एक खोली आम्ही पाच वर्षं बंद ठेवली आहे. माझ्यात काय कमी आहे? आणि वाट पाहताना विश्वास वाढतो म्हणजे नेमकं काय होतं? — एक बहीण

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

‘अकराव्या आठवड्यात गेलं’ एवढंच लिहून तुम्ही पुढच्या वर्षांकडे वळलात. मी त्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. तुम्ही बाळाची वाट पाहताय हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक बाळ तुम्ही गमावलंय, आणि त्याच्यासाठी बहुधा कुणी प्रार्थना ठेवली नसेल. भेटायला आलेली माणसंही ‘होईल गं पुन्हा’ म्हणून उठली असतील. ज्याचा शोक केला नाही ते दुःख मनातून जात नाही. ते पुढच्या वाट पाहण्यात मिसळतं आणि आपल्याला वाटतं, विश्वास आटतोय. मला वाटतं, तुमच्या त्या कोरडेपणात बरंचसं राहून गेलेलं रडणं आहे. पाळकसाहेबांना सांगा, ‘आमच्या त्या बाळासाठी आम्हा दोघांबरोबर बसून प्रार्थना करा.’ इतकी वर्षं उलटली म्हणून उशीर झाला असं मुळीच नाही. मरण पावलेला आपला मित्र लाजर थोड्याच वेळात कबरेतून बाहेर येणार हे प्रभू येशूला ठाऊक होतं. तरी लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तो रडलाच.

तुमच्यात काय कमी आहे? लूकचं शुभवर्तमान उघडा, पहिला अध्याय. सहाव्या वचनात लिहिलंय की जखऱ्या आणि अलीशिबा दोघंही देवाच्या दृष्टीने नीतिमान होते, त्याच्या आज्ञा निर्दोषपणे पाळत होते. लगेच सातव्या वचनात आहे, त्यांना मूल नव्हतं. अलीशिबा वांझ होती, दोघांचं वय झालं होतं, एवढंच लूक सांगतो. त्यांच्या वागण्याशी त्याचा संबंध तो कुठेही जोडत नाही. तुम्हीही जोडू नका, आणि दुसऱ्या कुणाला जोडू देऊ नका.

आता त्या पाहुण्या सेवकांबद्दल. ते शब्द मुळात अलीशा संदेष्ट्याचे आहेत, शूनेमच्या बाईला उद्देशून बोललेले, पवित्र शास्त्रातल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात. पण त्यावर ती बाई काय म्हणाली हेही तिथेच लिहिलंय. ती म्हणाली, नाही महाराज, आपल्या दासीशी खोटं बोलू नका. इतक्या वर्षांनी निजवून ठेवलेली इच्छा कुणी उगाच जागी करू नये, असंच तिला वाटलं असणार. तिला मुलगा झाला. पुढे तो तिच्या मांडीवरच मरण पावला, तेव्हा ती थेट संदेष्ट्याकडे गेली, त्याचे पाय धरले आणि विचारलं, मी मुलगा मागितला होता का? मला फसवू नका असं मी म्हटलं नव्हतं का? अलीशाचा चाकर गेहजी तिला ढकलून दूर करायला लागला. अलीशा त्याला म्हणाला, राहू दे तिला, तिचा जीव फार कष्टी आहे, आणि परमेश्वराने हे मला कळवलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. अलीशासारखा संदेष्टाही ‘मला कळवलेलं नाही’ म्हणू शकत होता. तुमच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्यांना ते म्हणता आलं नाही, आणि त्याची किंमत दोन वर्षं तुम्ही मोजताय. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शेवटी स्पष्ट आहे की जे वचन खरं ठरलं नाही ते परमेश्वर बोललेला नाही. तेव्हा देवाने तुम्हाला शब्द दिला आणि तुमच्या अविश्वासामुळे तो फिरवला, असं जे काही मनात बसलंय ते काढून टाका. देवाने असा शब्द तुम्हाला दिलाच नव्हता. ‘आमेन’ म्हणणाऱ्यांपैकी कुणीतरी येऊन तुमची क्षमा मागायला हवी होती. कुणी आलं नाही, म्हणून निदान मी लिहिते : जे झालं ते चूक झालं.

हागारबद्दल थोडक्यात. हागार ही सारेची दासी होती. स्वतःला मूल होत नाही म्हणून सारेने तिला आपल्या नवऱ्याला, अब्राहामाला दिलं. तिला कुणी विचारलं नाही, तिला वापरलं आणि मग छळलं. पाप तिथे होतं. नवरा-बायको दोघांच्या मर्जीने घेतलेल्या उपचारांना हागारची चूक म्हणणं हा शास्त्राचा चुकीचा वापर आहे. लूक स्वतः वैद्य होता, पौलाने त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. कोणता उपचार कुठवर घ्यायचा, त्यात गर्भाचं काय होतं, हे प्रश्न तुमच्या विवेकाला पडले तर ते जरूर डॉक्टरांना विचारा, पाळकसाहेबांशी बोला. अंगात ताकद किती उरली आहे आणि पैसा किती घालायचा हेही दोघांनी आधीच ठरवा. पण उपचार घेतल्याने विश्वास कमी पडतो ही भीती मनातून काढा. आणि हागारची गोष्ट काढायचीच तर तिचा शेवटही सांगायला हवा. रानात देव तिला शोधत आला, आणि ‘मला पाहणारा देव’ हे नाव तिने त्याला दिलं.

आता तुमचा खरा प्रश्न, विश्वास वाढतो म्हणजे काय होतं. याला मला घरचीच गोष्ट सांगावी लागेल.

माझा थोरला भाऊ विसाव्या वर्षी घर सोडून गेला, आणि घराबरोबर विश्वासही. आईने त्याच्यासाठी तेवीस वर्षं प्रार्थना केली. ती गेल्यावर तिचं पवित्र शास्त्र माझ्याकडे आलं. एकदा स्तोत्रं वाचताना तेरावं स्तोत्र निघालं आणि मी थबकले. समासात पेन्सिलीने, तिच्या त्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात तारखा होत्या. मोजल्या, एकतीस भरल्या. एवढंसं सहा वचनांचं स्तोत्र. सुरुवातीला दावीद चार वेळा विचारतो, हे परमेश्वरा, कोठवर? आणि शेवटी म्हणतो, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. आईच्या पहिल्या काही वर्षांच्या तारखा सगळ्या पहिल्या वचनापाशी होत्या. मग काही तिसऱ्यापाशी, जिथे तो म्हणतो, माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे. मग पाचव्यापाशी दिसू लागल्या. मी बोट फिरवत खाली जात होते आणि मनात म्हणत होते, बघ, आई कशी पायरी पायरीने चढत गेली.

आणि मग शेवटची तारीख सापडली, ती जाण्याच्या दोन महिने आधीची. ती पुन्हा पहिल्या वचनापाशी होती. कोठवर?

त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं. तेवीस वर्षांनी आई निघाली तिथेच परत आली होती, असं वाटून पोटात खड्डा पडला. ते पान मला समजायला बराच काळ लागला. पहिल्या वर्षी ‘कोठवर’ कुणीही विचारेल. तेवीस वर्षं उत्तर न मिळाल्यावरही जी त्याच देवाला, त्याच्याच तोंडावर, तोच प्रश्न विचारते, ती त्याला सोडून गेलेली नसते. ज्याने आशा सोडली तो प्रश्न विचारायला येतच नाही. मधल्या त्या भरवशाच्या तारखाही खोट्या नव्हत्या. ती त्या स्तोत्रात वर-खाली फिरत राहिली, बाहेर मात्र पडली नाही. मला विश्वासाची वाढ कुणी दाखव म्हटलं तर मी ते पान उघडून दाखवीन. भाऊ अजून परतलेला नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहामासारख्या जुन्या विश्वासणाऱ्यांबद्दल लिहिलंय की त्यांना वचनांचं फळ मिळालं नव्हतं, त्यांनी ते दुरून पाहिलं आणि विश्वासात मरण पावले. मी ते वाचते तेव्हा आईचं नाव त्यात मनातल्या मनात घालते.

म्हणून तुम्हाला विचारते, विश्वास वाढला म्हणजे काय व्हायला हवं होतं असं तुम्हाला वाटत होतं? ‘बाळ होणारच’ ही खात्री वाढायला हवी होती? ती खात्री वाढली नाही, कारण ती तुम्हाला कुणी दिलेलीच नाही. आपल्या भाषेत आपण ‘वाट पाहणं’ म्हणतो. नजर वाटेवर असते, कुणी येतंय का इकडे. प्रभूच्या दाखल्यातल्या, घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाचा बाप असाच वाट पाहत असला पाहिजे, नाहीतर मुलगा दूर असतानाच त्याने त्याला ओळखलं कसं असतं? यशयाच्या तिसाव्या अध्यायात तर असं आहे की तुमच्यावर कृपा करावी म्हणून परमेश्वरच वाट पाहतो. वाटेच्या एका टोकाला तुम्ही आहात आणि दुसऱ्या टोकाला तो. तुमची नजर बाळावरून काढा असं मी सांगणार नाही, ते क्रूर होईल. पण त्या वाटेवर आणखी कुणीतरी उभा आहे, आणि या नऊ वर्षांत त्याच्याशी तुमचं बोलणं अधिक खरं झालंय का, हे मात्र पाहा. पहिल्या वर्षीची तुमची प्रार्थना आठवा, आणि मला लिहिलेलं हे पत्र. हे पत्रच जास्त खरं आहे. ते तुम्ही मला लिहिलंत, तसंच त्याला वाचून दाखवा.

पौल रोमकरांस पत्रात एक क्रम देतो : संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. आशा अगदी शेवटी येते. ती सुरुवातीलाच हाताशी असली पाहिजे असं आपण धरून चालतो आणि नसली की स्वतःला दोष देतो.

साक्षीच्या वेळी बाहेर जाता, त्याबद्दल तुम्ही लाजून लिहिलंय. मार्कच्या पाचव्या अध्यायातल्या याईराकडे पाहा. त्याची बारा वर्षांची मुलगी अखेरच्या घटका मोजतेय. तो प्रभूच्या पाया पडला आणि प्रभू त्याच्याबरोबर निघालाही. म्हणजे उत्तर मिळालं, फक्त घरी पोचायचं राहिलं. आणि वाटेत गर्दीतून एक बाई मागून येते, बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली, आणि त्याच्या वस्त्राला शिवते. ती बरी होते. इथे प्रभू पुढे चालू लागला असता तरी चाललं असतं. पण तो थांबतो. मला कोण शिवलं, म्हणून सगळीकडे पाहतो. ती कापत कापत पुढे येते आणि सगळी हकिकत सांगते. बारा वर्षांची हकिकत काय दोन शब्दांत होते? तिची ती साक्ष चालू आहे आणि याईर शेजारी उभा आहे. त्याच्या घरी एकेक श्वास मोजला जातोय. इतक्यात माणसं येऊन सांगतात, तुमची मुलगी गेली.

तिची साक्ष ऐकताना याईराचं काय झालं असेल? मार्क त्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. तो आनंदित झाला असं लिहिलेलं नाही, आणि झाला नाही म्हणून प्रभूने त्याला बोललं असंही नाही. प्रभूचं त्याला एकच सांगणं आहे : भिऊ नको, विश्वास मात्र धर. आणि मग तो त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत गेला. तुमच्या गोष्टीचा शेवट याईरासारखाच होईल असं मी सांगत नाही, ते मला कळवलेलं नाही. पण दुसऱ्याची साक्ष सोसवत नाही म्हणून प्रभू तुमच्यावर रागावलेला नाही, हे मी त्या अध्यायावर बोट ठेवून सांगते. जा बाहेर. बाळांच्या समर्पणाच्या रविवारी घरी राहिलात तरी चालेल. जिला बाळ झालंय तिला नंतर एकटीला भेटा, जमलं तर. तिच्यामागेही काही वर्षं असतील, रक्तस्रावाच्या त्या बाईसारखी.

नवऱ्याबद्दल. उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात एक वचन आहे की इसहाकाने आपल्या बायकोसाठी परमेश्वराकडे विनंती केली, कारण ती वांझ होती, आणि रिबका गरोदर राहिली. वाचायला क्षणभर लागतो. पण आजूबाजूचे आकडे पाहा : लग्न झालं तेव्हा इसहाक चाळीस वर्षांचा, मुलं झाली तेव्हा साठ वर्षांचा. म्हणजे एका वचनात वीस वर्षं आहेत, आणि त्या वीस वर्षांत त्या दोघांमध्ये काय बोलणं झालं, किती रात्री अबोल्यात गेल्या, यातलं काहीच आपल्याला सांगितलेलं नाही. तुमचा नवरा गप्प आहे म्हणजे त्याला काही वाटत नाही असं धरू नका. त्याचंही बाळ गेलं, आणि त्याला तर तेवढंही कुणी विचारलं नसेल. रात्री दिवा मालवल्यावर हा विषय काढू नका. आठवड्यातून एकदा, चालता चालता दहा मिनिटं बोला, आणि शेवटी दोघांनी एकेक वाक्य प्रार्थना करा. त्याला एवढंच म्हणता आलं की ‘देवा, आम्ही अजून इथेच आहोत,’ तरी ती प्रार्थना आहे.

डीट्रिश बॉनहॉफर या जर्मन पाळकाला 1943 च्या एप्रिलमध्ये अटक झाली, लग्न ठरून जेमतेम काही महिने झाले असताना. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्यांनी एका मित्राला लिहिलं की तुरुंगाची खोली आणि ख्रिस्तजन्माआधीचा आगमनकाळ यांत बरंच साम्य आहे : माणूस आशा करतो, हे ना ते बारीकसारीक करत राहतो, पण दार बंद असतं आणि ते बाहेरूनच उघडावं लागतं. बॉनहॉफर सुटले नाहीत. 1945 च्या एप्रिलमध्ये, युरोपातलं युद्ध संपायला महिनाही उरला नसताना, त्यांना फाशी दिली गेली. मी त्यांची आठवण काढली ती त्या ‘हे ना ते बारीकसारीक’ साठी. ते कोठडीत वाचत होते, लिहीत होते, रोज स्तोत्रं म्हणत होते, सोबतच्या कैद्यांना धीर देत होते. दार आपल्या हातात नसतं, पण खोलीतला दिवस असतो.

तुमच्या खोलीकडे येते. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन तुम्हाला या नऊ वर्षांत कितीदा तरी पाठवलं गेलं असेल, तुमच्यासाठी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत हे. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. आणि त्याच्याही आधी, पाचव्या वचनात, कैद करून बाबेलात नेलेल्या यहूदी लोकांना देव सांगतो : घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा. परत जाण्याची वाट पाहायची होती आणि तोवर जगायचंही होतं. ती खोली उघडा. खिडकी उघडून हवा येऊ द्या. शिवणाचं यंत्र ठेवा, टेबल ठेवा, पाहुण्यांसाठी खाट टाका, तुम्हाला हवं ते. बाळ आलं तर खोली रिकामी करायला अर्धा दिवस लागतो. उघडताना एकट्या जाऊ नका, दोघं जा, आणि पहिल्या दिवशी नुसतं आत बसून परत आलात तरी हरकत नाही.

प्रार्थनेला शब्द येत नाहीत, तर दुसऱ्याचे घ्या, स्तोत्रं त्यासाठीच आहेत. रोज एक, मोठ्याने वाचा. अठ्ठ्याऐंशीवं सोडू नका. ते अंधारावर संपतं, शेवटी एकही आशेचं वचन नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मंडळीतल्या सगळ्यांना सांगू नका, दोनच बायका निवडा, ज्या सल्ला देत नाहीत, आणि त्यांना म्हणा, ‘सध्या माझ्याऐवजी तुम्ही प्रार्थना करा.’ तेवढंही जमलं नाही तर नुसत्या बसा. शिलोच्या मंदिरात मुलासाठी प्रार्थना करताना हन्नेचे ओठ तेवढे हलत होते, आवाज फुटत नव्हता, आणि याजक एलीला ती प्यालेली वाटली. देवाने मात्र ऐकलं होतं.

आईच्या पवित्र शास्त्रात आता मीही तारखा टाकते, भावासाठी. काल रात्री तुमचं पत्र वाचून झाल्यावर तेराव्या स्तोत्राच्या समासात, पहिल्या वचनापाशी, आणखी एक तारीख लिहिली. ती तुमची आहे.